मोटारसायकलची चेन घरी बदलताना
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलण्यास सांगितले तेव्हा विषयाची निवड माझ्यावर सोपवली होती. मी विषय सांगितला आणि त्या क्षणभर गप्पच झाल्या. या व्यासपीठावरून आपण लोणच्यांविषयी ऐकतो, बालसंगोपनाविषयी ऐकतो. त्या मानाने हा विषय जरा तेलकट आहे खरा. परंतु ज्या दारात मोटारसायकल उभी नाही असे दार आज आपल्या चिपळुणात शोधावेच लागेल. ती चालवणाऱ्या आपल्यात थोड्या असतील, पण मागे बसून बाजारात, दवाखान्यात, माहेरी आपण सगळ्याच जातो. कुंभार्ली घाट चढताना इंजिनाचा सगळा जोर मागच्या चाकापर्यंत पोचवते ती ही एक चेन. तिची विचारपूस आपणही का करू नये?

ज्यांच्याकडे बिनगिअरची स्कूटर आहे त्यांनी निर्धास्त बसावे. तिच्या आत चेनऐवजी पट्टा असतो. त्याचे शास्त्र निराळे.

परवा एक काकू मला म्हणाल्या, “अगं, ही पुरुषांची कामे, हात काळे करून घ्यायची हौस कशाला?” मी म्हटले, “काकू, तव्याची काजळी घासून आपले हात काय गोरे होतात?” त्या हसल्या, आणि आज पहिल्या रांगेत येऊन बसल्या आहेत.

आता मुद्द्याकडे वळते. ही पाहा, आमच्या गाडीची जुनी चेन आणि तिच्या दोन चक्र्या मी मुद्दाम टेबलावर ठेवल्या आहेत. इंजिनाकडची चक्री लहान, चाकाकडची मोठी. गॅरेजमध्ये या तिघांच्या संचाला ‘चेन-सॉकेट’ म्हणतात. या घडणीच्या चेनचे पेटंट हान्स रेनॉल्ड नावाच्या इंजिनियराने मँचेस्टर येथे १८८० साली घेतले, आणि तेव्हापासून तिची मूळ रचना फारशी बदललेली नाही. प्रत्येक कडीत एक पिन, पिनेभोवती नळी आणि नळीभोवती फिरणारा रूळ. आपल्याकडच्या बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना ४२८ क्रमांकाची चेन असते. तिच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. साध्या सायकलच्या चेनचे अंतरही तेवढेच असते, ही गंमत लक्षात ठेवा.

“चेन ताणली” असे आपण म्हणतो. वास्तविक लोखंड काही रबरासारखे ताणत नाही. पिन आणि नळी एकमेकींवर घासून झिजतात आणि प्रत्येक सांधा किंचित सैल होतो. शंभराहून अधिक सांधे असतात. एकेक सांधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने जरी सैल झाला, तरी सबंध चेन सेंटीमीटरहून जास्त लांबते. पावसात तेल धुऊन गेले आणि आत चिखलाची कच शिरली की ही झीज झपाट्याने होते. आपल्याकडच्या पावसाळ्याविषयी मी तुम्हांला काय सांगू!

झीज ओळखावी कशी? मागच्या चक्रीच्या अगदी मागच्या टोकाला चेन दोन बोटांनी धरून बाहेर ओढावी. दाताचा निम्म्याहून अधिक भाग उघडा पडला तर ती थकली. याहून पक्की खूण हवी असेल तर शिवणकामाची टेप घ्या. चेन ताठ करून वीस कड्यांचे अंतर पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. नवी चेन २५४ मिलिमीटर भरते. २५९ भरली तर शंभराला दोन या प्रमाणात वाढली, आता तिला निरोप द्यावा. चक्रीचे दातही पाहावेत. नव्या चक्रीचा दात दोन्ही बाजूंनी सारखा उतरता असतो. झिजलेला दात समुद्राच्या लाटेसारखा एका अंगाला कलतो. ही लहान चक्री हातात घेऊन पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तिन्ही वस्तू एकदमच बदलाव्या. आमच्या गाडीला एकदा एका गॅरेजवाल्याने फक्त चेन नवी घातली आणि “चक्र्या अजून चालतील, कशाला खर्च?” असे सांगितले. ऐकायला गोड वाटले, पण वर्षाच्या आत तीही चेन खडखडू लागली. कारण उघड आहे. जुन्या चक्रीचे दात लांबलेल्या चेनच्या मापाने खाल्ले गेलेले असतात. त्यांच्यावर नवी चेन घातली की सगळे रूळ दातांच्या बुडाशी नीट बसत नाहीत, भार एक-दोन दातांवरच पडतो आणि नवे कोरे सामान जुन्याच्या संगतीने झिजते. जात्याच्या एकाच दगडाला टाकी लावून दुसरा तसाच ठेवला तर दळण कसे येईल? त्यातही लहान चक्रीवर जास्त अन्याय होतो. समजा, पुढे १४ दात आहेत आणि मागे ४२. तर मोठी एकदा फिरेपर्यंत लहान तीनदा फिरते, आणि तिचा प्रत्येक दात तिप्पट वेळा कामाला लागतो. आणि ती झाकणाआड असल्यामुळे तिच्याकडे कोणी पाहतही नाही. (असे घरातही एखादे माणूस असतेच!)

सामान आणताना गाडीचे नाव, मॉडेल आणि साल सांगावे. दुकानातच दोन्ही चक्र्यांचे दात आणि चेनच्या कड्या मोजून जुन्याशी ताडून घ्याव्या. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्यावा.

कामाच्या दिवशी साडी नको. सलवार-कमीज घालून ओढणी घरात ठेवावी, बांगड्या काढाव्या, मंगळसूत्र आत सारावे. गाडी थंड हवी, किल्ली काढून खिशात हवी. सपाट जागी डबल स्टँडवर लावून पुढच्या चाकाला वीट लावावी. पाने, पक्कड, पेचकस, जुने वर्तमानपत्र आणि मदतीला एक माणूस, एवढे पुरते. इंजिन चालू ठेवून, चाक फिरते ठेवून चेनला फडके लावण्याची काही लोकांना सवय असते. माझ्या माहेरी एका मुलाच्या बोटाचे पेर त्यातच गेले. चाक नेहमी हातानेच फिरवावे, आणि चेन जिथे चक्रीवर चढते तिथे बोट नेऊ नये.

पहिल्याने चेनचे झाकण आणि लहान चक्रीवरचे झाकण काढावे. मग चेन जागेवर असतानाच गाडी गिअरमध्ये टाकून, मदतनिसाला मागचा ब्रेक दाबायला सांगून, दोन्ही चक्र्यांचे बोल्ट आणि नट थोडे सैल करून घ्यावे. चेन काढल्यावर चक्री हाताबरोबर फिरू लागते आणि बोल्ट हलत नाही. पुष्कळ लहान गाड्यांत पुढची चक्री एका पट्टीने आणि दोन छोट्या बोल्टांनी धरलेली असते. ते काम सोपे. काहींत मात्र एकच मोठा नट असतो. तो बोटभर पान्याने सुटणार नाही. तो गॅरेजमधून सैल करून आणावा, त्यात कमीपणा नाही.

पुढे गाडी न्यूट्रल करावी, चेनचा लॉक मागच्या चक्रीवर आणावा आणि त्याची क्लिप पकडीने सरकवून काढावी. ब्रेकचा दांडा आणि ब्रेकची आधारपट्टी सोडवून अॅक्सल ओढला की चाक बाहेर येते. त्यातले बुश आणि वायसर निघतील त्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडत जावे. रांगोळीचे ठिपके मांडतो तसे. चाक हातात आहे तोवर आतली रबरे फाटली आहेत का, बेअरिंग बोटाने फिरवल्यावर खरखरते का, हेही पाहावे. नव्या चक्रीचे नट समोरासमोरचे एकेक असे थोडेथोडे आवळावे.

नवी चेन चढवताना तिचा लॉक मागच्या चक्रीवरच जोडावा. दोन्ही टोके दातांवर आयती धरली जातात. आता ही क्लिप पाहा, माशाच्या आकाराची. हिचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवे आणि उघडी शेपटी मागे. वरच्या बाजूची चेन पुढे धावते, म्हणजे वर असताना बंद तोंड हँडलकडे. उलटी बसवली तर कशाला तरी अडकून क्लिप निसटण्याची भीती असते. मग चेन सुटते, आणि ती चाकात गुंतून चाक जाम झाले तर काय होईल ते घाटातल्या वळणावर आठवून पाहा.

मग ढील. खालच्या चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली हलवून पट्टीने मोजावी. लहान गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर ढील लागते. आपल्या गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा खरा मानावा. चाक थोडेथोडे फिरवून चार जागी मोजावे आणि सर्वांत ताठ जागेवरून माप ठरवावे. घट्ट म्हणजे चांगली, असा काहींचा समज असतो. माणसे बसली की चाक वर दबते आणि चेन आणखी ताठ होते. ढील नसेल तर बेअरिंगे कुरकुरू लागतात. दोन्ही बाजूंच्या अॅडजस्टरच्या खुणा सारख्याच घरावर असाव्या, नाहीतर चाक तिरके बसते. अॅक्सलचा नट पुरता आवळल्यावर ढील पुन्हा एकदा मोजावी. जिथे कॉटर पिन असते तिथे ती नवीच घालावी.

काम संपल्यासारखे वाटते ते इथेच. आणि ब्रेक विसरतो तोही इथेच. चाक सरकले म्हणजे ब्रेकच्या दांड्याचे मापही बदलले. आधारपट्टीचा नट आवळला का, पायाचा ब्रेक योग्य जागी धरतो का, सोडल्यावर चाक मोकळे फिरते का, मागचा दिवा लागतो का, हे पाहिल्याशिवाय कोणालाही गाडीवर बसू देऊ नये. पहिली फेरी आळीतच, हळू आणि एकट्याने.

आणि झाकण पुन्हा बसवायचे! अलीकडे मुले गाडी ऐटबाज दिसावी म्हणून चेनचे झाकण आणि साडी-गार्ड काढून टाकतात. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात गुंतू नयेत म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असलेच पाहिजे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १२३ व्या नियमात, सांगितले आहे. पदर नि ओढण्या आपल्या आहेत, तेव्हा या बाबतीत मुलांशी भांडण झाले तरी चालेल. माझे झाले आहे.

निगा सोपी आहे. दर पाचशे ते हजार किलोमीटरला, आणि पावसाळ्यात त्याहून लवकर, फडक्याने पुसून ९० नंबरचे गिअर तेल खालच्या चेनच्या आतल्या बाजूने थेंबथेंब सोडावे. वर थापलेले ग्रीस फक्त धूळ गोळा करते. साधी चेन मळली असेल तर रॉकेल आता सहजी मिळत नाही, वाटीभर डिझेल आणि जुना ब्रश चालतो. मात्र चुलीपासून लांब, आणि पेट्रोल मुळीच नको. ज्या चेनमध्ये रबरी कडी असते तिला तिच्यासाठी मिळणारा क्लीनरच वापरावा. धुण्यासाठी चेन काढायची झाल्यास तिच्या टोकाला एखादी जुनी चेन जोडून ओढावी, म्हणजे परत घालताना पुढच्या झाकणात हात घालावा लागत नाही. परकराची जुनी नाडी काढताना तिला नवी बांधून ओढतो, तीच युक्ती.

नवी चेन सुरुवातीला थोडी सैल पडते, म्हणून पहिल्या काही शे किलोमीटरांनंतर ढील पुन्हा पाहावी. आमच्या गाडीची ती वेळ आता आलीच आहे. येत्या रविवारी सकाळी ती मंडळाच्या अंगणात उभी असेल. ज्यांना पाना हातात घेऊन पाहायचा आहे त्यांनी जुने कपडे घालून यावे.