पंखा फिरतोय, लाईट लागतेय, पण डिस्प्ले येत नाही

तुमचे व्हॉइस मेसेज ऐकतो तेव्हा दर दोन-चार मेसेजनंतर एक वाक्य हमखास येतं: "दादा, कार्ड लावलं, पंखा फिरतोय, लाईट लागतेय, पण डिस्प्ले येत नाही." मग पुढचा प्रश्नही ठरलेला. "कार्ड गेलं का?"

म्हणून आज जुन्या कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डाबद्दल बोलू. जुना म्हणजे काय? ऑफिसातून निघालेला, तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हचा डबा. आपल्याकडे त्या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, म्हणू दे. त्यात सेकंडहँड कार्ड टाकून एडिटिंग करायचं किंवा दोन गेम खेळायचे, हा कमी पैशातला सगळ्यात चांगला जुगाड आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. फक्त तो पहिल्या झटक्यात चालेलच असं नाही.

हे सगळं हवेत बोलण्यापेक्षा एक केस सांगतो. कराडजवळच्या गावातली एक मुलगी, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला. वडील पतसंस्थेत कामाला. संस्थेने जुने कॉम्प्युटर काढले, त्यातला एक त्यांनी घरी आणला. ही पोरगी लग्नाचे व्हिडिओ एडिट करून पैसे जमवते. त्यातून अडतीसशे रुपयांचं सेकंडहँड कार्ड पुण्यातल्या एका दुकानातून मागवलं. सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी. तिचा मला फोन आला तो चौथ्या दिवशी. दुकानदार म्हणतोय, "कार्ड ओके आहे, तुमचा पीसी जुना आहे." आणि बिलावर लिहिलंय की पैसे परत नाहीत, फक्त बदली मिळेल. रविवारी एका लग्नाचा व्हिडिओ द्यायचा होता. म्हणजे हातात तीन दिवस, आणि त्या तीन दिवसांत ठरवायचं होतं की दोष कार्डात आहे, कॉम्प्युटरमध्ये आहे, की दोघांचं एकमेकांशी पटत नाहीये.

पहिली गोष्ट मी तिला करायला सांगितली ती कॅबिनेट न उघडता. कॉम्प्युटर चालू कर, एक-दोन मिनिटं थांब आणि कीबोर्डवरचं नम लॉक दाब. त्याची छोटी लाईट लागते-विझते का? लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे, फक्त चित्र तुझ्यापर्यंत पोचत नाहीये. लाईट ढिम्म असेल तर मशीन सुरुवातीलाच अडकलंय. एवढ्या एका बटणाने अर्धा प्रश्न सुटतो, आणि गंमत म्हणजे दुकानात कॉम्प्युटर घेऊन जाणारे शंभरातले नव्वद लोक हे करत नाहीत.

तिची लाईट लागत-विझत नव्हती. कार्ड काढलं, मॉनिटर पुन्हा मदरबोर्डच्या पोर्टला लावला, की सगळं नीट. कार्ड लावलं की ठप्प.

आता इथे केबलचं बोलून घेतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न तिथेच संपणार आहे. कार्ड लावल्यावर मॉनिटरची केबल कार्डाला लावायची, मदरबोर्डला नाही. बऱ्याच ऑफिस मशीनमध्ये कार्ड दिसलं की ऑनबोर्ड पोर्ट आपोआप बंद होतं. मॉनिटर जुना असेल आणि त्याला फक्त निळं व्हीजीए असेल तर कार्डाचं डीव्हीआय पोर्ट नीट बघा. आडव्या चपट्या फटीभोवती चार बारीक भोकं असतील तर ते डीव्हीआय-आय, त्यातून साध्या कन्व्हर्टरने व्हीजीए मिळतं. ती चार भोकं नसतील तर ते डीव्हीआय-डी, तिथे साधा कन्व्हर्टर चालत नाही, चिप असलेला लागतो. कन्व्हर्टरच्या चार पिना मोडून तो बसवणारे महाभाग मी पाहिलेत. बसतो, चित्र मात्र येत नाही, कारण ज्या पिनांतून चित्र येणार होतं त्याच मोडल्या. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १० मालिकेपासून कार्डावर व्हीजीएचा सिग्नलच मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. आणि डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय ही साधी केबल एकाच दिशेने चालते. कार्डाला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तरच. उलटं लावलं तर अंधार.

तिच्याकडे मॉनिटरला एचडीएमआय होतं, केबलही बरोबर जागी. पुढे जाऊया.

मग कार्ड बसलंय का ते. भिंतीवरचं बटण बंद, पॉवर केबल काढलेली, आणि केबल काढल्यावर पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. कार्ड काढून सोनेरी पट्ट्या शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसायच्या. पॉलिश पेपर नको, त्याने सोन्याचा मुलामाच निघतो. कार्ड परत बसवताना स्लॉटच्या टोकाचा लॉक टक् असा वाजला पाहिजे. आणि इथे एक जागा अशी आहे जी बहुतेक जण बघत नाहीत: मागचा स्क्रू. जुनं कॅबिनेट जरा वाकलेलं असतं. स्क्रू घट्ट करताना कार्डाची पत्र्याची पट्टी ओढली जाते आणि दुसरं टोक स्लॉटमधून केसभर वर येतं. डोळ्याला दिसत नाही. म्हणून एकदा स्क्रू न लावता चालू करून बघायचं. मोबाइलची टॉर्च लावून स्लॉटच्या रेषेत फोटो काढा, झूम करा, कार्ड तिरकं असेल तर लगेच कळतं.

तिने फोटो पाठवला. कार्ड सरळ होतं.

मग आवाज. डिस्प्ले नसतो तेव्हा मदरबोर्ड बीप मारून बोलतो. अवॉर्ड कंपनीच्या जुन्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोटे बीप म्हणजे ग्राफिक्सची तक्रार. एएमआयच्या जुन्या बायोसमध्ये आठ छोटे बीप म्हणजे ग्राफिक्सच्या मेमरीची. मोठ्या ब्रँडचे डबे स्वतःची वेगळी भाषा बोलतात, तिथे मॉडेल नंबर टाकून त्या ब्रँडच्या मॅन्युअलमध्ये बघावं लागतं. बीप मोजू नका, मोबाइलवर रेकॉर्ड करा. मोजताना दहापैकी सहा जण चुकतात आणि मग मला चुकीचा आकडा सांगतात. अगदीच काही ऐकू येत नसेल तर कॅबिनेटमध्ये स्पीकरच नसेल. चार पिनांच्या जागी बसणारा छोटा स्पीकर मिळतो, वडापाव-चहाच्या पैशात.

तिच्या डब्यात आवाज होता. एक बीपसुद्धा नाही, नुसती शांतता. हे मला खटकलं. कार्ड मेलेलं असतं किंवा नीट बसलेलं नसतं तेव्हा मदरबोर्ड बहुतेक वेळा ओरडतो. इथे तो अडकून बसला होता.

पॉवर बघायलाच हवी होती. तिच्या कार्डाला वरून वेगळी वायर लागत नव्हती, म्हणजे ते स्लॉटमधूनच पॉवर घेणार, आणि ती जास्तीत जास्त ७५ वॅट. ज्यांच्या कार्डावर सहा पिनांचं पोर्ट आहे त्यांनी तिथे वायर लावलीच पाहिजे, तिच्यातून आणखी ७५ वॅट येतात, आठ पिनांच्या पोर्टातून १५०. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा बघू नका, लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती ॲम्पिअर लिहिलेत ते बघा. समजा १६ आहेत. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट, एवढाच खरा माल. आय-फाइव्ह ३४७० हा प्रोसेसर ७७ वॅटचा, कार्ड ७५चं, झाले १५२. बाकी डिस्क, पंखे. म्हणजे जमतं, पण फार ऐसपैस नाही. हार्ड डिस्कच्या साटा वायरवरून कार्डाला पॉवर देणारे कन्व्हर्टर मिळतात, ते घेऊ नका. ती वायर तेवढ्यासाठी बनलेली नाही, वितळते. आणि एसएमपीएस स्वतः कधी उघडायचा नाही. केबल काढलेली असली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये शॉक देण्याइतका चार्ज उरतो.

तिचा हिशोबही बसत होता. शिवाय चालू होताना कार्ड पूर्ण पॉवर ओढतही नाही. मग राहिली अदलाबदल.

मी हिच्यावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवतो. तुझं कार्ड दुसऱ्याच्या मशीनमध्ये, दुसऱ्याचं कार्ड तुझ्या मशीनमध्ये. दोन्ही बाजूंनी करायचं. लोक एकच बाजू करतात आणि निकाल देऊन मोकळे होतात. तिने कॉलेजच्या लॅब असिस्टंटना विचारलं. त्या माणसाचे आभार मानले पाहिजेत, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत करून दिलं. लॅबच्या नव्या मशीनमध्ये तिचं कार्ड धडधडीत चालू झालं. लॅबमधलं एक जुनं, साधं कार्ड तिने घरी आणून स्वतःच्या डब्यात लावलं, तेही चालू झालं.

म्हणजे कार्ड चांगलं, स्लॉट चांगला. दुकानदार खोटं बोलत नव्हता. पण तेवढ्याने तिचं काम होत नव्हतं, आणि बदली कार्ड मागवलं तर तेही त्याच जातीचं येणार.

आता हे का होतं ते सांगतो. कॉम्प्युटर चालू झाला की विंडोजच्या आधी बायोस जागा होतो. तो कार्डाला म्हणतो, चित्र काढ. कार्डाच्या पोटात त्यासाठी एक छोटा प्रोग्राम असतो. जुने बायोस एका पद्धतीने तो प्रोग्राम वाचतात, नवे यूईएफआय दुसऱ्या पद्धतीने. साधारण २०१२ ते २०१४चा काळ हा मधला, सांध्याचा. त्या वेळच्या बऱ्याच डब्यांत यूईएफआय आहे, पण कच्चं. नंतर आलेलं कार्ड समोर आलं की त्याला कळतच नाही काय करायचं, आणि तो तिथेच थबकतो. याची दुसरी बाजूही आहे: कार्ड जुनं आणि मशीन नवं असेल तर बायोसमध्ये सीएसएम नावाची सेटिंग चालू करावी लागते, नाहीतर अंधार.

तिच्या डब्याचा बायोस होता २०१२चा, पहिल्याच आवृत्तीचा. ब्रँडच्या साइटवर त्या मॉडेलसाठी नंतरच्या बऱ्याच आवृत्त्या पडून होत्या. दहा वर्षांत कोणी हात लावला नव्हता. पतसंस्थेत कशाला लावतील, त्यांचं पासबुक छापलं जात होतं ना!

इथे मी तिला स्पष्ट सांगितलं. बायोस अपडेट करताना मध्येच लाईट गेली तर मदरबोर्ड बसतो. हार्ड डिस्कवरचं काम जात नाही, ती काढून दुसरीकडे लावता येते. पण डबा जातो, आणि त्याला परत उठवणारा माणूस तुझ्या गावात नाही. रविवार तोंडावर आहे. कार्ड बाजूला ठेवून जुन्या वेगाने व्हिडिओ पूर्ण करायचा, अपडेट सोमवारी करायचं, हाही मार्ग आहे. पण सोमवारी वॉरंटी संपलेली असेल. मी हो-नाही काही म्हटलं नाही. डबा तिचा, पैसेही तिचे.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, शेजारच्या काकूंकडे इन्व्हर्टर आहे."

मग डबा आणि मॉनिटर काकूंकडे गेला. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं, त्यावर यूपीएस लिहिलेलं. ते त्या बाजूला करायला सांगितलं, नाहीतर लाईट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला जो क्षणभर लागतो तेवढ्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. कार्ड काढलेलं, डिस्प्ले ऑनबोर्डवर. मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळवून फाइल घेतली. आणि एकदम शेवटच्या आवृत्तीवर उडी मारली नाही. ब्रँडने सांगितलेली मधली आवृत्ती आधी, मग शेवटची. दोनदा रिस्टार्ट झाला. काकूंनी मधेच मिक्सर लावायची परवानगी मागितली, ती नाकारण्यात आली.

मग कार्ड लावलं. दहा-बारा सेकंद काळं, आणि मग ब्रँडचा लोगो. तिने फोटो पाठवला तो इतका हललेला की लोगो ओळखू येत नव्हता, पण निळा उजेड दिसत होता. व्हिडिओ शनिवारी रात्री रेंडर झाला.

तुमच्या बाबतीत अदलाबदलीचा निकाल वेगळा येऊ शकतो. तुमचं कार्ड दुसऱ्याच्या मशीनमध्येही अंधारच दाखवत असेल तर ते गेलं, आणि अदलाबदलीचा व्हिडिओ काढून ठेवलेला असेल तर दुकानदाराला "पीसी जुना आहे" म्हणायला जागा राहत नाही. काही जण मग कार्डाला हीट मारून आणतात. त्याने कार्ड जिवंत होतं, पण बहुतेक वेळा थोड्या दिवसांचं. गरम केल्याने तुटलेला सांधा तात्पुरता टेकतो, एवढंच. २००८ साली खुद्द एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या चिपच्या अशाच कमकुवत पॅकेजिंगच्या दुरुस्तीखर्चासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते, म्हणजे हा आजार किती मूळचा आहे बघा. हीट मारून विकलेलं कार्डही सात दिवस छान चालू शकतं, म्हणून आल्या आल्या अर्धा तास गेम किंवा रेंडर चालवून त्याला तापवा.

आणखी एक. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि वापरलेली कार्डं बाजारात ढिगाने आली. त्यात पी१०६-१०० नावाचं कार्ड स्वस्तात दिसेल. ते मायनिंगसाठीच बनलेलं, त्याला डिस्प्लेचं पोर्टच नाही. त्याच्यावर खोडरबर घासून काही उपयोग नाही. आणि १०५० टीआय म्हणून मिळालेल्या कार्डाला निळं व्हीजीए पोर्ट दिसलं तर ते जुन्या कार्डावर नवं नाव चढवलेलं समजा. जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर २०१८पासून अशा बऱ्याच कार्डांच्या नावापुढे फेक असं लिहून दाखवतं.

तुमचा डबा अडकला असेल तर मला चार गोष्टी पाठवा: एसएमपीएसच्या लेबलचा फोटो, कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो, मदरबोर्डचं किंवा डब्याचं पूर्ण मॉडेल, आणि चालू केल्यापासून एक मिनिटाचं रेकॉर्डिंग, नम लॉक दाबून बघितलेलं. पुढच्या भागात लॅपटॉपची फुगलेली बॅटरी घेतोय. ज्यांच्या लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय त्यांनी तोपर्यंत तो चार्जिंगला लावू नका.