रोजची एक गोळी
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकीय अधिकाऱ्यांचे मनोगत)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. रसायनशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि औषधांची देयके तपासताना इमॅटिनिबची माहिती आम्ही आवर्जून करून घेतली.

दीर्घकालीन मायलॉइड रक्तकर्करोगात एक सदोष विकर, म्हणजेच एन्झाइम, रक्तपेशींना अखंड वाढीचा आदेश देत राहते. त्यासाठी त्याला एटीपी या रेणूकडून फॉस्फेट घ्यावे लागते. इमॅटिनिबचा लहानसा रेणू नेमकी एटीपीचीच जागा अडवितो आणि तो आदेश थांबतो. २००१ साली अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली. १ एप्रिल २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बीटा स्फटिकरूपाचे पेटंट नाकारले आणि स्वस्त भारतीय गोळ्यांचा मार्ग निर्वेध झाला.

मात्र हा रेणू ती जागा कायमची अडवीत नाही. गोळ्या खंडित झाल्या की विकर पुन्हा कार्यरत होऊ शकते. बरे वाटते म्हणून किंवा पैसे संपले म्हणून, डॉक्टरांना न विचारता औषध सोडणे घातक ठरू शकते. यास्तव रुग्ण साहाय्य निधीस एकदाच येणाऱ्या मोठ्या रकमेइतकीच दरमहा येणारी छोटी देणगीही मोलाची आहे. आमच्या खातेवहीत ती एक नोंद असते. रुग्णाच्या घरी मात्र ती महिन्याची औषधे असतात.

आपले सहकार्य अखंड लाभावे, ही नम्र विनंती.