ऐन वेळी पाय का लटपटतात?



आज जरा वेगळा विषय घेतलाय. फुटबॉल. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या कार्यक्रमात फुटबॉल कुठून आला? वर्ल्ड कप असला की गावातली पोरं रात्र रात्र मोबाइलला डोळे लावून बसतात आणि सकाळी शाळेत डुलक्या काढतात, एवढाच आपला त्या खेळाशी संबंध. पण त्या खेळात एक गोष्ट अशी घडते, जी आपल्याही ओळखीची आहे. एरवी छान खेळणारा देशाचा संघ ऐन मोठ्या सामन्यात पार कोलमडतो. पाय तेच, चेंडू तोच, मैदानही तेवढंच. मग बिघडतं काय? त्याबद्दल आज बोलू.

आधी खेळातली एक बाब समजून घेऊ. बाद फेरीचा सामना बरोबरीत राहिला आणि जादा वेळ देऊनही निकाल लागला नाही, तर पेनल्टी मारून निकाल लावतात. दोन्ही संघांचे पाच-पाच जण एकेक करून पुढे येतात. चेंडू गोलपासून ३६ फुटांवर ठेवलेला असतो. गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असतो. आपल्या समाजमंदिराची एक भिंत डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल. त्या एवढ्या जागेत अडवायला फक्त एक गोलकीपर. लहानपणापासून चेंडू मारणाऱ्या माणसाला सरावात हे अवघड नसतं. पण मोठ्या सामन्यात त्याच माणसाचा चेंडू गोलच्या वरून जातो, नाहीतर थेट गोलकीपरच्या हातात जातो.

नॉर्वे देशात गेइर यॉर्डेट नावाचे एक संशोधक आहेत. मोठ्या स्पर्धांमधल्या पेनल्टींची चित्रणं त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिली आणि हिशेब मांडला. 'हा गोल झाला की आपण जिंकलो' अशी वेळ असते, तेव्हा खेळाडू शंभरात नव्वदच्या वर गोल करतात. आणि 'हा हुकला की आपण हरलो' अशी वेळ असते, तेव्हा तेच प्रमाण साठच्या आसपास येतं. अंतर तेच, चेंडू तोच. फरक एवढाच, की एकाच्या डोळ्यांसमोर जिंकणं आहे आणि दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर हरणं.

त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. इंग्लंडचे खेळाडू पेनल्टी मारताना फार घाई करायचे. पंचांची शिट्टी वाजली रे वाजली की लगेच धावायचे. चेंडू ठेवून मागे येताना गोलकीपरकडे पाठ फिरवायचे. कडू औषध नाक दाबून गिळतो ना आपण, तसं. एकदाचं संपू दे, असं. आणि इंग्लंड हरायचं. १९९०, १९९६, १९९८, २००४, २००६, २०१२. मोठ्या स्पर्धांमध्ये सहा वेळा हा संघ पेनल्टीवर बाहेर पडला.

आता हे असं का होतं? भाकरीचं उदाहरण घ्या. रोज भाकरी थापणाऱ्या बाईला, बोटं कशी फिरवतेस, दाब किती देतेस, असं विचारलं तर सांगता येणार नाही. हाताला सवय असते, हात आपोआप चालतो. पण समोर दहा माणसं टक लावून बसली आणि 'ही तुटली तर तुझं काही खरं नाही' असं कुणी म्हणालं, की ती बोटांकडे बघायला लागते. आणि बोटांकडे लक्ष गेलं की भाकरी तुटते. पेनल्टी मारणाऱ्याचंही असंच होतं. मन चेंडूवरून उडतं आणि उद्याच्या पेपरात काय छापून येईल, तिथे जाऊन बसतं. एकीकडे उद्याची भीती, दुसरीकडे आपल्याच पायांवर पहारा. पाय अवघडतात.

पण मैत्रिणींनो, ती भीती काय उगाच येते? भीतीलाही कारण असतं. ते कळायला ब्राझीलमध्ये जाऊ.

१६ जुलै १९५०. रिओ शहरातलं माराकाना मैदान. वर्ल्ड कपचा शेवटचा सामना, ब्राझील विरुद्ध उरुग्वे. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती. मैदानात दोन लाखांच्या आसपास माणसं. मध्यंतरानंतर लगेच ब्राझीलनं गोल केला. मग उरुग्वेनं बरोबरी केली. आणि सामना संपायला अकरा मिनिटं असताना उरुग्वेच्या घिगियानं दुसरा गोल केला. ब्राझील दोन-एकनं हरलं. सगळं मैदान चिडीचूप झालं.

ब्राझीलचा गोलकीपर होता मोआसिर बार्बोसा. त्या काळातल्या चांगल्या गोलकीपरांमध्ये त्याचं नाव घेतलं जायचं. पण त्या दिवसानंतर सगळा दोष त्याच्या माथी आला. मैदानात अकरा जण होते, पण देशानं बोट एकाकडेच दाखवलं. हा माणूस पुढे पन्नास वर्षं जगला, २००० साली वारला. म्हातारपणी तो म्हणाला होता, की आमच्या देशात गुन्हेगाराला जास्तीत जास्त तीस वर्षांची शिक्षा होते, मी मात्र न केलेल्या गुन्ह्याची पन्नास वर्षं भोगतोय. तेव्हा ब्राझीलचा संघ पांढरा शर्ट घालायचा. तो अपशकुनी ठरवून टाकून दिला. आज ओळखीचा असलेला पिवळा शर्ट त्यानंतर आला.

आता विचार करा. ज्या देशात एका चेंडूसाठी माणसाला जन्मभर शिक्षा मिळते, तिथला पुढचा खेळाडू मोकळ्या मनानं कसा खेळेल?

चौसष्ट वर्षांनी, २०१४ साली, वर्ल्ड कप पुन्हा ब्राझीलमध्ये भरला. १९५० चा डाग पुसायचा, हे ओझं पहिल्या दिवसापासून पोरांच्या डोक्यावर. चिलीविरुद्धचा सामना पेनल्टीपर्यंत गेला, तेव्हा कर्णधार थियागो सिल्वा बाजूला चेंडूवर बसून रडत होता. तो सामना ते जिंकले, पण संघासाठी मानसशास्त्रज्ञ बाईंना बोलवावं लागलं. मग ८ जुलैला बेलो होरिझोंते शहरात जर्मनीशी उपांत्य सामना. आदल्या सामन्यात नेमारच्या पाठीच्या मणक्याला मार लागला होता, तो बाहेर. कार्डांमुळे कर्णधारही बाहेर. राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनी नेमारचा शर्ट हातात धरला होता, घरात कुणी गेल्यासारखा.

अकराव्या मिनिटाला जर्मनीनं पहिला गोल केला. आणि मग तेविसाव्या ते एकोणतिसाव्या मिनिटात आणखी चार. आपल्याकडे चहा उकळेपर्यंत सगळं संपलं. शेवटी सात-एक.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जर्मनीचा संघ उत्तमच होता, पुढे तोच विजेता झाला. ब्राझीलचे दोन महत्त्वाचे खेळाडू नव्हते. हरणं म्हणजे प्रत्येक वेळी घाबरणं नव्हे. पण सहा मिनिटांत चार गोल खाणं हे नुसतं खेळ कमी पडल्यामुळे होत नाही. पहिला घाव बसला की जो तो एकट्यानं सावरायला धावतो, आपली जागा सोडतो, आणि मागे वाट मोकळी होते. संघ मैदानावर असतो, पण संघ म्हणून राहिलेला नसतो.

मग दडपणात न कोसळणारा संघ कसा असतो? २०११ सालच्या जपानच्या मुली आठवतात. त्या वर्षी मार्चमध्ये जपानला भूकंप आणि त्सुनामीनं झोडपलं होतं. जुलैत जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात महिलांच्या वर्ल्ड कपची अंतिम लढत झाली, समोर अमेरिका. त्याआधी जपाननं अमेरिकेला एकदाही हरवलं नव्हतं. दोनदा मागे पडूनही त्यांनी दोनदा बरोबरी साधली. दुसरी बरोबरी तर सामना संपायला तीन मिनिटं राहिली असताना, होमारे सावा या कर्णधार बाईनं करून दिली. मग पेनल्टी. त्याआधी सगळ्या मुली गोल करून उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक नोरिओ सासाकी हसत होते, आणि मुलीही हसत होत्या. अमेरिकेच्या पहिल्या तिन्ही पेनल्टी वाया गेल्या. जपान जिंकलं. हसल्यामुळे जिंकलं, असं मी म्हणणार नाही. पण त्या हसण्यातून मुलींना एक गोष्ट नक्की कळली असेल, की इथवर आलो हेच मोठं आहे, आणि हरलो तरी आपले सर आपल्याला टाकणार नाहीत.

आता पुन्हा इंग्लंडकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे. १९९६ साली जर्मनीविरुद्ध ज्याची पेनल्टी अडली, त्याचं नाव गॅरेथ साउथगेट. त्यालाही लोकांनी वर्षानुवर्षं तेच ऐकवलं. एका पिझ्झाच्या जाहिरातीत तर तो डोक्यावर कागदी पिशवी घालून बसलेला दाखवला होता, तोंड लपवायला म्हणून. तोच माणूस पुढे इंग्लंडच्या संघाचा प्रशिक्षक झाला.

त्यांनी काय केलं? 'पेनल्टी म्हणजे नशिबाचा खेळ' हे बोलणं बंद केलं. सराव करून पोरं दमली, की मग पेनल्टी मारायला लावायचे, कारण खऱ्या सामन्यात ती दमल्यावरच मारायची असते. कुणी घाई करायची नाही, श्वास घ्यायचा, आपला वेळ घ्यायचा. संघात मानसशास्त्राच्या जाणकार बाई आणल्या, पिप्पा ग्रेंज. २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये कोलंबियाविरुद्ध पेनल्टीची वेळ आली. इंग्लंडच्या हेंडरसनची पेनल्टी अडली, तरी संघ डगमगला नाही आणि चार-तीननं जिंकला. वर्ल्ड कपात पेनल्टीवर इंग्लंडचा तो पहिला विजय. सगळे नाचत असताना साउथगेट मात्र कोलंबियाच्या पेनल्टी हुकलेल्या उरिबेला जवळ घेऊन उभे होते.

खरी परीक्षा २०२१ मध्ये झाली. युरोपच्या स्पर्धेची अंतिम लढत लंडनमध्ये, समोर इटली, पुन्हा पेनल्टी. रॅशफर्ड, सांचो आणि साका, तिघांच्या हुकल्या. साका फक्त १९ वर्षांचा. तिघेही काळे. त्या रात्री मोबाइलवरून त्यांच्या रंगावरून घाणेरड्या शिव्या सुरू झाल्या. बार्बोसाचीच गोष्ट पुन्हा घडणार, असं वाटलं. पण या वेळी साउथगेट पुढे येऊन म्हणाले, की कुणी मारायची ते मी ठरवलं, जबाबदारी माझी. मँचेस्टरमध्ये रॅशफर्डचं चित्र असलेली एक भिंत कुणीतरी विद्रूप केली, तर आसपासच्या लोकांनी ती जागा चिठ्ठ्यांनी आणि कागदी बदामांनी झाकून टाकली.

तीन वर्षांनी, २०२४ मध्ये, स्वित्झर्लंडविरुद्ध पुन्हा पेनल्टी आली. साका पुन्हा पुढे आला आणि त्यानं गोल केला. पाचच्या पाच जणांनी गोल केले. आणि एक गोष्ट लक्ष देऊन बघण्यासारखी होती. पेनल्टी मारून परत येणाऱ्याला घ्यायला एक ठरलेला सोबती अर्ध्या वाटेपर्यंत पुढे येत होता. गोल झाला असता किंवा नसता, तो येणारच होता. जाताना एकटं जावं लागतं, पण येताना एकटं यायचं नाही, अशी ती सोय.

बार्बोसाला असा सोबती मिळाला नाही. साकाला मिळाला.

मैत्रिणींनो, आपल्याही गटात पेनल्टीची वेळ येते. बँकेत मॅनेजरसमोर कर्जाचा प्रस्ताव मांडायचा असतो. ग्रामसभेत उठून पाण्याचा प्रश्न विचारायचा असतो. घरी पोपटासारखी बोलणारी बाई तिथे जाऊन गप्प होते, आणि आपण म्हणतो, हिला बोलताच येत नाही. येतं तिला. ती परत आल्यावर 'तुझ्यामुळे काम अडलं' म्हणणारी तोंडं तिला आधीच दिसत असतात. आणि असं एकदा झालं, की ती पुन्हा उठत नाही. तिला बघून दुसरीही उठत नाही. मग वर्षानुवर्षं त्याच दोघी-तिघी बोलतात.

म्हणून येत्या मासिक सभेत एक करून बघा. बँकेत जायच्या आधी गटातल्याच एकीला मॅनेजर करून खुर्चीत बसवा. जी जाणार आहे तिला तिच्यासमोर बोलू द्या. मॅनेजरबाईनं मधेच अडवायचं, कागद परत करायचे, 'उद्या या' म्हणायचं. दोन-तीनदा हे झालं, की खऱ्या साहेबांचं बोलणं नवं वाटत नाही. कोण जाणार हे गटानं मिळून ठरवा आणि इतिवृत्तात लिहा, म्हणजे काम झालं नाही तर ते एकटीच्या अंगावर पडणार नाही. आणि ती परत येईल तेव्हा तिला घ्यायला स्टँडवर कोण जाणार, तेही आधीच ठरवा. पहिल्यांदा चहा द्या. काम झालं का, ते नंतर विचारा.

तुमच्या सभेत काय झालं ते केंद्रावर नक्की कळवा. पुढच्या वेळी त्यावर बोलू. तोपर्यंत सगळ्यांना नमस्कार.