पिशवी काढली, पण खुब्याचं काय?

आज खुब्याविषयी बोलायचंय. मांडी जिथं धडाला जोडली जाते तो सांधा म्हणजे खुबा. मांडीच्या हाडाचं गोल डोकं, ज्याला आपण गोळा म्हणतो, ते कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतं. गोळ्याखाली हाडाची बारीक मान असते. आपलं वजन, डोक्यावरचा हंडा, कडेवरचं पोर, सगळा भार त्या मानेवरून पायात उतरतो.

आमच्या गटांच्या कर्जाच्या रजिस्टरमध्ये ‘कर्जाचं कारण’ असा एक रकाना असतो. शेळी, शिलाई मशीन, पोराची फी, आणि बरेचदा ‘पिशवीचं ऑपरेशन’. काही वर्षांनी तिच बाई पुन्हा अर्ज करते आणि कारण असतं, ‘पडल्यामुळे मांडीचं हाड मोडलं’. या दोन नोंदींचा एकमेकींशी संबंध असू शकतो, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

संबंध असा आहे. गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशयं असतात. तिथं इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, तयार होतं. पाळी त्याच्यामुळं येते, एवढंच आपण ऐकलेलं असतं. पण हाडांची राखणही तेच करतं. हाड म्हणजे काही दगड नव्हे. मातीच्या घरासारखी त्याची रोज पडझड होते आणि रोज लिंपण होतं. पडझड आवाक्यात ठेवायचं काम इस्ट्रोजेनचं. ते कमी झालं की लिंपणापेक्षा पडझड जास्त होते आणि हाड आतून पोकळ होत जातं. आपल्याकडं पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी आपोआप जाते. तेव्हा हे संप्रेरक हळूहळू उतरतं. अंडाशयं कापून काढली तर मात्र ते एकदम तुटतं. तिशीतल्या बाईच्या हाडांवर साठीतली वेळ लवकर येते.

हे बीड जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. गळीत हंगामात आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांवरही बीडकडच्या टोळ्या येतात, त्या तुम्ही पाहिल्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळीचे चार दिवस तिथं परवडत नाहीत. २०१९ मध्ये या बायकांच्या पिशव्या काढण्याचा विषय वर्तमानपत्रांत गाजला आणि सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांत एक. देशाचा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये शंभरात तीनच्या थोडा वर आहे. आता ताडून बघा.

तेव्हा चर्चा झाली ती डॉक्टरांच्या फीची, मुकादमांची, पाळीची. व्हायलाच हवी होती. पण त्या बायकांच्या हाडांचं पुढं काय होणार, हे मात्र फार कमी लोकांनी विचारलं.

पिशवी कधीच काढू नये, असं मी म्हणत नाही. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, रक्त थांबतच नसेल, तर काढावी लागते. पण अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, एवढ्यावरून “पिशवी सडलीय, कॅन्सर होईल” असं कुणी म्हणालं तर घाबरून त्याच दिवशी अंगठा देऊ नका. त्यातल्या पुष्कळ तक्रारी गोळ्या-औषधानं बऱ्या होतात. सिव्हिलला किंवा दुसऱ्या डॉक्टरला एकदा दाखवा. आणि ऑपरेशन ठरलंच तर एक प्रश्न विचारा: “अंडाशयं ठेवणार की काढणार? काढणार असाल तर का?” नुसती पिशवी काढली आणि अंडाशयं राहिली, तर संप्रेरक चालू राहतं. ते थोडं लवकर आटू शकतं, पण एकदम तुटत नाही.

ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय, त्यांनी घरी जाऊन ट्रंकेतलं, नाहीतर गादीखालचं डिस्चार्ज कार्ड काढा. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं, म्हणून कॉलेजात जाणाऱ्या मुलीला वाचायला सांगा. ‘हिस्टरेक्टमी’ म्हणजे पिशवी काढली. त्याच्यापुढं ‘ऊफोरेक्टमी’ किंवा ‘बी.एस.ओ.’ अशी तीन अक्षरं असतील, तर अंडाशयंही गेली. माझ्या माहितीतल्या एका बाईनं अकरा वर्षांनी कार्ड वाचून घेतलं, तेव्हा तिला हे कळलं. तोवर अंगातून वाफा निघणं, झोप न लागणं, कंबर दुखणं, या सगळ्याला ती बाहेरचं काहीतरी समजत होती. किती वेळा अंगारा लावला, त्याला गणती नाही!

अंडाशयं पंचेचाळिशीच्या आत काढली असतील तर डॉक्टरांकडं जाऊन सांगा, हार्मोनची गोळी मला चालेल का ते बघा. साधारण पन्नाशीपर्यंत ती बऱ्याच जणींना देतात. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल किंवा रक्ताच्या गुठळ्या होत असतील तर ती चालत नाही, म्हणून मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नका. हाडं किती विरळ झालीत हे डेक्सा नावाच्या तपासणीत कळतं. पोकळ झाली असतील तर त्यावर गोळ्या आहेत, वर्षातून एकदा देण्याचं सलाईनही आहे.

अजून एक सांगते. बाळंतपणात अतोनात रक्त गेलं, नंतर बाळाला दूधच आलं नाही आणि पाळीही परत आली नाही, अशी बाई तुमच्या गावात असेल. तिच्या मेंदूखालच्या ग्रंथीला इजा झालेली असू शकते. तिथूनच अंडाशयांना हुकूम जातो. अशा बाईचीही हाडं विरतात. थकवा आहे म्हणून टॉनिक पाजत बसण्यापेक्षा तिला मोठ्या दवाखान्यात नेऊन हार्मोनचं रक्त तपासा. थायरॉइड कमी असेल तरी सांधे आखडतात, मांड्यांत जोर राहत नाही.

आता खुबा ओळखायचा कसा? बहुतेक जणी कंबरेवर हात ठेवून खुबा दुखतो म्हणतात. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुधा जांघेत येतं. चालताना जांघेत कळ येते, बसलं की थांबते, असं आठ-पंधरा दिवस झालं तर अंगावर काढू नका. हाडाच्या मानेला बारीक चीर गेलेली असू शकते. त्या वेळी मोळी उचलली तर हाड पूर्ण मोडतं. साध्या पडण्यानं मनगट मोडलं असेल, तरी हाडं तपासून घ्या.

आणि एखादी बाई मोरीत घसरली, उठता येईना, एक पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेर वळलंय, तर खुब्याचं हाड मोडलंय असं धरा. वरून सूज दिसतेच असं नाही. चोळायचं नाही, ओढायचं नाही, हाडवैद्याकडं न्यायचं नाही. फळीवर किंवा बाजेवर आडवं ठेवून १०८ला फोन करा. ऑपरेशन एक-दोन दिवसांत झालेलं चांगलं. पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो, आणि माणूस त्यानं जातं. ऑपरेशन जन आरोग्य योजनेत बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

खाण्याचं थोडक्यात सांगते. बाईला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेल्यावर १२००. आपली ज्वारीची भाकरी पोटभरीची आहे, पण शंभर ग्रॅम ज्वारीत तीसही मिलिग्रॅम मिळत नाही. तेवढ्याच नाचणीत साडेतीनशेच्या वर मिळतं. चमचाभर, म्हणजे दहा ग्रॅम तिळात शंभराच्या वर, कपभर दुधात सव्वादोनशेच्या आसपास. डेअरीला घालायच्या दुधातलं एक कप घरच्या बाईसाठी काढून ठेवा. यावर आमच्या गटात भांडण झालं होतं, “मग हप्ता कसा भरायचा?” म्हणून. हिशेब केला, तेव्हा एका कपानं हप्ता बुडत नव्हता. ऊन आपल्याकडं भरपूर, पण पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला फडकं बांधून रानात जाणारीला, आणि शहरात घरात बसून विड्या वळणारीला ते अंगावर मिळत नाही. हात उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात बसा.

कार्ड हरवलं असेल तर जिथं ऑपरेशन झालं तिथं लेखी अर्ज करून कागदांची नक्कल मागा. अर्ज दिल्यापासून ७२ तासांत ती द्यावी, असा डॉक्टरांना नियम आहे. मात्र दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षंच ठेवण्याचं बंधन असतं, त्याहून जुने कागद नसले तर सोनोग्राफी करून घ्या. अंडाशयं आहेत की नाहीत, ते त्यात दिसतं. अर्जाचा नमुना आमच्या बैठकीच्या वहीला चिकटवलाय, कुणाला हवा असेल तर उतरवून घ्या.