बशीच्या पाठीवरील खूण

तापीच्या मुखाशी हजीरा आहे आणि त्याला लागूनच सुवालीचा किनारा. सतराव्या शतकात सुरतेस येणारी इंग्रज व डच जहाजे येथे नांगर टाकीत. पुढे युरोपच्या राजेरजवाड्यांना वेड लावणारी चिनी मातीची भांडीही अशाच जहाजांतून फिरत. तिचे रहस्य युरोपात प्रथम उकलले ते जर्मनीत. १७१० साली माइसेनचा कारखाना निघाला.

माइसेनची खूण म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी. सॅक्सनीच्या राजचिन्हातून त्या घेतल्या. बर्लिनच्या राजकारखान्याने राजदंड पसंत केला. परंतु प्रतिष्ठित खूण म्हटली की तिची नक्कल आलीच, आणि भोळा ग्राहक नेमका तेथेच फसतो.

म्हणून बशी पालथी करून आधी बोट फिरवावे. अस्सल निळी खूण झिलईखाली असते; ती नखाला लागत नाही. तलवारींवर कोरलेली आडवी रेघ असल्यास तो माल कारखान्यानेच बहुधा दुय्यम ठरविलेला. सोबत ‘जर्मनी’ असे देशाचे नाव असेल, तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची. कारण १८९० च्या अमेरिकन कायद्याने आयात मालावर देशाचे नाव आवश्यक केले. ‘पश्चिम जर्मनी’ हे शब्द तर १९४९ ते १९९० या काळातलेच.

तेव्हा आजीच्या कपाटातील बशी मोडीत घालण्यापूर्वी, अथवा तिच्यासाठी मोठी रक्कम मोजण्यापूर्वी, मातीचा पोत, झिलई आणि चित्रकाम यांची साक्ष आधी घ्यावी. खुणेची साक्ष शेवटी काढावी. ती एकटीच्या बळावर निवाडा देऊ शकत नाही.