स्वयंभू संख्या

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९२७ सालीं रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक त्यांना मिळालें, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनीं देवळालीस शाळामास्तरकी केली. अंकांच्या नादीं लागलेला मास्तर हा एरवीं थट्टेचाच विषय. परंतु १९७५ सालीं अमेरिकेंत मार्टिन गार्डनर यांनीं त्यांच्यासंबंधीं लिहिल्यावर हें नांव दूरवर गेलें. त्यांचा एक शोध श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल जवळ घेऊन ऐकावा.

कोणत्याहि संख्येंत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. १५ चे अंक १ व ५, बेरीज ६. म्हणून १५ पासून २१ जन्मते. आतां २० ची जननी कोणती? एकअंकी संख्येपासून १८ च्या पुढें जातां येत नाहीं. १० पासून ११, ११ पासून १३, असें दोन-दोनांनीं चढत १४ पासून १९ आणि १५ पासून २१ येते. २० मध्येंच सुटते! अशा जननीवांचून असलेल्या संख्यांस कापरेकरांनीं ‘स्वयंभू’ म्हटलें. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ अशी ती माळ आहे.

यावर आक्षेप असा, कीं अंक हा संख्येचा देह नव्हे, पोशाख आहे. आक्षेप खोटा नाहीं. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं येण्यापूर्वीं चार पैशांचा आणा व सोळा आण्यांचा रुपया असे. त्या हिशेबांत १६ पैसे म्हणजे ४ आणे ० पैसे. अंकांची बेरीज ४, आणि १६ व ४ मिळून २०. जननी सांपडली! द्विमान पद्धतींत तर ० व १ एवढेच अंक. तेथें बेरीज म्हणजे केवळ एकांची मोजदाद. १८ ही संख्या १००१० अशी लिहितात. तींत दोन एक, म्हणून पुन्हा २०. तेथील स्वयंभू संख्या निराळ्याच: १, ४, ६, १३, १५, १८.

मग हा सारा पोशाखाचाच खेळ काय? त्रिमान पद्धति घेऊन पाहावें. तेथें स्थानांच्या किंमती १, ३, ९, २७, म्हणजे सर्व विषम. त्यामुळें संख्या विषम असेल तर तिच्या अंकांची बेरीजहि विषमच येते, आणि सम असेल तर सम. दोहोंची मिळवणी सदैव सम! उदाहरणार्थ, ५ हे १२ असें लिहितात, बेरीज ३, ५ व ३ मिळून ८. सारांश, विषम संख्या कोणापासूनहि जन्मूं शकत नाहीं. तेथें प्रत्येक विषम संख्या स्वयंभूच. पांच, सात, अकरा, कोणताहि विषम पाया घ्या, नियम हाच. पोशाख बदलतांच २० चा मान गेला खरा, पण कापरेकरांचा प्रश्न टिकला, आणि एक सिद्धान्त देऊन गेला. आपला दहाचा पाया सम पडला, म्हणून ११ ही विषम असूनहि १० च्या पोटीं येते.