प्रयोगशाळेचे दार आणि आपल्या मुली

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही गिरणीच्या डाईंग खात्यात राबणारी माणसे. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकड्यावर बसून. तेव्हा हा माणूस विज्ञानावर काय बोलणार, असे तुम्हाला वाटेल. पण आज आम्हाला एका शास्त्रज्ञ बाईंची हकिकत सांगायची आहे, आणि तिच्या जोडीला आमच्या घरातली एक चूक चारचौघांत कबूल करायची आहे.

त्या बाईंचे नाव डॉ. कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण. जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. कमलाबाई १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि त्यांनी त्याच बंगळूरच्या संस्थेत अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळवलेले. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण अर्ज त्यांनी नाकारला. कारण एकच, अर्ज करणारी मुलगी होती!

बंधूंनो, इथे जरा थांबून विचार करा. घरात दोन दोन केमिस्ट, वरच्या जातीचे शिकलेले घर, विद्यापीठात पहिला नंबर, आणि तरी दार बंद. मग आपल्या वस्तीतल्या पत्र्याच्या खोलीतून निघालेल्या पोरीला अशी किती दारे ओलांडावी लागत असतील?

कमलाबाई रडत घरी आल्या नाहीत. त्या संचालकांच्या कचेरीपुढे सत्याग्रहाला बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिले वर्ष रीतसर विद्यार्थिनी मानणार नाही, गुरुजी सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल, आणि प्रयोगशाळेतल्या मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये! म्हणजे लक्ष मुलांचे ढळणार आणि अट मुलीला. हा अपमान गिळून, श्रीनिवासय्या नावाच्या गुरुजींच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले. १९३६ साली एम.एस्सी. झाल्या. त्यांचे काम पाहून मग त्या संस्थेने मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. एकीने धक्का दिला आणि दार मागच्या सगळ्यांसाठी उघडले.

पुढे त्या इंग्लंडात केंब्रिजला गेल्या. तिथे त्यांनी बटाट्यावर काम केले आणि 'सायटोक्रोम सी' नावाचे श्वसनाच्या कामी येणारे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते हे दाखवून दिले. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध फक्त ४० पानांचा होता. आम्हाला याचा फार आनंद वाटतो. मुद्दा असला की पानांचा ढीग लागत नाही.

१९३९ साली त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात, मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केले. १९४७ साली लग्न होऊन मुंबईला आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. पुढे तिथे संचालकही झाल्या. लग्न झाले म्हणून प्रयोगशाळा सुटली नाही, ही गोष्ट इथे बसलेल्या सासू-सासऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

आणि संशोधन कशावर केले? तुमच्या-आमच्या ताटावर! आपण वाल भिजवतो, मोड आणतो, सोलतो आणि चांगले शिजवतो. कच्च्या वालात प्रथिने पचू न देणारे एक द्रव्य असते. कमलाबाईंनी सहकाऱ्याबरोबर ते वेगळे काढले आणि १९५५ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात तसे जाहीर केले. शिजवल्यावर त्या द्रव्याचा जोर बहुतेक मोडतो. आपल्या आज्या वाल नीट शिजवत आल्या, त्यामागचे कारण या बाईंच्या प्रयोगशाळेत कळले. ताडाच्या नीऱ्यावरही त्यांनी काम केले. आदिवासी मुले आणि गरोदर बाया यांच्या पोषणाला नीरा कशी उपयोगी पडते हे दाखवले. त्याबद्दल राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. आरे दूध योजनेलाही त्यांनी सल्ला दिला.

त्यांचे विज्ञान काचेच्या भांड्यात अडकून राहिले नाही, ते बाजारात उतरले. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी' ही ग्राहकांची संस्था काढली. कमलाबाई तिच्या कामात उतरल्या, १९८२-८३ साली अध्यक्षा झाल्या, संस्थेच्या 'कीमत' या अंकात लिहीत राहिल्या. विकणारा काय विकतो ते तपासून घ्या, हे त्या सांगत राहिल्या. १९९८ साली दिल्लीत त्यांचा सत्कार होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच गेल्या.

आता आमच्या घरातली गोष्ट.

आमची धाकटी बहीण आमच्या घरातली पहिली बी.एस्सी. विषय केमिस्ट्री. अंबरनाथच्या एम.आय.डी.सी.त एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती लागली. टायट्रेशन करायचे, नमुने तपासायचे, रजिस्टरात लिहायचे. सहा वर्षे तिने हे केले. मग प्रयोगशाळांना लागणारी रसायने, काचसामान, पी.एच. मीटर विकणाऱ्या एका कंपनीत तिला नोकरी आली. पगार जास्त, पण फिरती. आज बदलापूर, उद्या तारापूर, परवा महाड.

आम्ही नाही म्हणालो. "बॅग घेऊन दारोदार फिरणार? लोक काय म्हणतील?" असे आम्हीच बोललो. विहारात स्त्री-पुरुष समतेवर भाषणे देणारे आम्ही! ती शांतपणे म्हणाली, "दादा, मला दारात कोण अडवतंय ते बघ. कंपनीवाले नाही, तू अडवतोयस."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. सकाळी आम्हीच तिची बॅग उचलून स्टेशनवर पोचवायला गेलो.

तिला या कामात आता वीसच्या वर वर्षे झाली. सुरुवातीला लोक विचारायचे, "मॅडम, तुमचे साहेब कुठे आहेत?" साहेब म्हणजे तीच, हे समजायला त्यांना वेळ लागला. एकदा एका डाईंगच्या कारखान्यात शेड सारखी चुकत होती. मालक रंगाला दोष देत होता. आम्ही त्याच खात्यातले, म्हणून सांगतो, सुताच्या कापडाला रिअ‍ॅक्टिव्ह रंग पक्का बसायला बाथमध्ये सोडा बरोबर लागतो. पी.एच. चुकला की रंग धुऊन जातो. हिने त्यांचा मीटर ४, ७ आणि ९.२ च्या बफरवर लावून पाहिला. तिन्हीकडे आकडा खोटा! इलेक्ट्रोड कोरडा पडून खराब झालेला. हिला नवा मीटर खपवता आला असता. तिने फक्त इलेक्ट्रोड बदलून दिला आणि तो ओला कसा ठेवायचा हे तिथल्या पोराला शिकवले. तो कारखाना आजतागायत तिच्याकडूनच माल घेतो.

आम्ही ज्याला फेरीवालीचे काम म्हणालो, ते हे. ज्याला विकायचे त्याच्यापेक्षा जास्त यावे लागते, आणि खोटे बोलून चालत नाही, कारण आकडा खोटे लपवू देत नाही. कमलाबाई गिऱ्हाइकाच्या बाजूने उभ्या राहिल्या, आमची धाकटी विकणाऱ्याच्या बाजूला आहे. पण आधी तपासा, मग बोला, हा धडा दोघींचा एकच.

बंधू-भगिनींनो, सर रामन यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण आपल्या मुलीची फिरती नको, रात्रपाळी नको, बारावीनंतर सायन्स नको, असे म्हणतो तेव्हा त्या दारात आपण उभे असतो. बाहेरची दारे आपल्या पोरी ढकलतील. घरचे दार आपण उघडायचे आहे.

म्हणून एक विनंती. येत्या रविवारी विहारात आमची बहीण दुधातली भेसळ तपासून दाखवणार आहे. पिठाची भेसळ असेल तर आयोडीनचे दोन थेंब टाकताच दूध निळे पडते. सोप्यातले सोपे काम आहे. येताना घरचे थोडे दूध आणा. आणि मुलींना पुढच्या रांगेत बसवा.